जोविताने उचललेला पतंग

मासा एक वेळ गळ विसरेल, पण जोविता विसरायची नाही, असं आमच्या पोंताल गावात लोक म्हणत. ते खोटं नव्हतं. शाळेत असताना शेजारच्या एका मोठ्या मुलीने गंमत म्हणून तिच्या गालाला ओल्या काजूचा चीक लावला होता. गाल भाजला, खपली धरली, डाग राहिला. जोविता रडली नाही की कुणाकडे कागाळी घेऊन गेली नाही. पुढच्या की त्याच्या पुढच्या वर्षी संत पेद्रोच्या होड्यांच्या मिरवणुकीत तीच मुलगी देवदूत होऊन सगळ्यांत पुढच्या होडीत उभी राहिली आणि पाद्रीबाबांच्या समोर तिचे दोन्ही पंख गळून पाण्यात पडले. टाके कुणी उसवले ते सगळ्या गावाला कळलं. आईने जोविताला झोडपून काढलं. जोविता म्हणाली, "मार अजून. मला आता बरं वाटतंय."

अशी ती. बारीक चणीची, ओठ घट्ट मिटलेले, हात मात्र कधी रिकामे नाहीत. सकाळी किनाऱ्यावरच्या टपरीत तापियोकाच्या पिठाची धिरडी भाजायची, दुपारी आईबरोबर उशीवर टाचण्या टोचून लेस विणायची. समुद्राशी तिचं देणंघेणं मासे साफ करण्यापुरतंच होतं. समुद्र होता तिच्या भावाचा, जेनिवालचा.

जेनिवाल आणि रोनिल्दो दोघे एकाच वयाचे. दोघांचे बाप एकाच जांगाद्यावर, म्हणजे शिडाच्या सपाट तराफ्यावर, मासेमारी करायचे. परदेशी पाहुणे पहिल्यांदा पतंग घेऊन आमच्या किनाऱ्यावर आले तेव्हा ही दोन पोरं त्यांचं सामान उचलायला धावली. पाहुणे फाटके पतंग टाकून गेले, यांनी ते टायरचं रबर आणि मासेमारीचा धागा लावून सांधले आणि त्यावरच शिकले. कमरेला पट्टा, पायाखाली फळी, हातात दांडी आणि डोक्यावर खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढतो आणि पतंग माणसाला पाण्यावरून पळवतो. पुढे रोनिल्दोने आपली शिकवणी काढली, जेनिवाल त्याच्याकडे शिकवायला लागला. दोघे एका ताटात जेवायचे. रोनिल्दो जोविताला 'मला बायको शोधून दे की' म्हणून चिडवायचा आणि तीही त्याच्या धिरड्यावर जास्तीचं खोबरं घालायची.

मग तो दिवस आला. पावसाळा संपत आला होता. त्या महिन्यांत आमच्याकडे वाऱ्याचा भरवसा नसतो. ढग येतो आणि वाऱ्याचा गळा धरतो. दोघे नदीच्या मुखापलीकडे गेले होते. ओहोटी लागलेली, नदीचं पाणी बाहेर ओढत होतं. वारा पडला आणि जेनिवालचा पतंग गोत खाऊन पाण्यात गेला. रोनिल्दोचा कसाबसा हवेत होता. जेनिवालने हाक मारली. रोनिल्दो जवळून गेला, इतका जवळून की त्याच्या फळीचं पाणी जेनिवालच्या तोंडावर उडालं. त्याने वळून पाहिलं. थांबून पतंगाचं टोक नुसतं हाताने उचलून धरलं असतं तरी तो उठला असता. रोनिल्दो थांबला नाही.

थांबला नाही हे एक वेळ समजू शकतं. भीती माणसाला काहीही करायला लावते. पण किनाऱ्यावर आल्यावर जोवितानेच त्याला विचारलं, "जेनिवाल कुठाय?" तेव्हा तो दोऱ्या गुंडाळत, मान वर न करता म्हणाला, "तो तळ्यावर उतरला. पिऊन येईल सावकाश."

म्हणून संध्याकाळी सगळे किनाऱ्यालगतच्या तळ्यावर, तिथल्या दारूच्या गुत्त्याभोवती शोधत राहिले. समुद्रात एकही होडी गेली नाही.

जेनिवाल दुसऱ्या दिवशी दुपारी पार पश्चिमेच्या एका गावात सापडला. पतंगाच्या कडेच्या, हवा भरलेल्या नळीला मिठी मारून तो रात्रभर तरंगत राहिला होता. कातडी मिठाने सोललेली, जीभ सुजलेली. जगला. पण त्यानंतर तो गुडघाभर पाण्यातही गेला नाही. कोळ्याचा मुलगा, आणि लाट घोट्यावर आली की मागे सरकायचा.

तो अंथरुणावर असताना रोनिल्दो टोपलीभर आंबे घेऊन आला. खोलीत शेजारीपाजारी बसले होते. खाटेच्या कडेला टेकून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "मला वाटलं तू तळ्यावर उतरलास. किती वेळा सांगितलं तुला जेनिवाल, हलक्या वाऱ्यात घाई करायची नाही. दोन्ही हातांनी ओढत सुटतोस. पतंग उचलायची कला आहे, ती सगळ्यांना नाही जमत." आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. जेनिवाल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सगळे गेल्यावर त्याने बहिणीला खरं काय ते सांगितलं.

"मग बोलला का नाहीस?" जोविताने विचारलं.

"कोण ऐकणार? अर्ध्या गावाची पोरं त्याच्याकडे कामाला. आणि साक्षीला कोण, समुद्र?" मग म्हणाला, "त्याच्या जागी मी असतो तर मीही पळालो असतो कदाचित."

"आणि 'तो तळ्यावर उतरला' असं येऊन सांगितलं असतंस?"

आंबे जोविताने डुकरांना घातले.

थोड्याच दिवसांनी तिने भावाला म्हटलं, "मला पतंग शिकव."

"तुला? तू कधी कमरेभर पाण्यात गेली नाहीस."

"आता जाईन. आणि मला वाऱ्यात नको शिकवू. वारा नसताना शिकव."

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. बहिणीचा चेहरा त्याला चांगला वाचता यायचा. "जोवी, सोडून दे," तो म्हणाला. तिने त्याचा जुना पतंग खुंटीवरून काढला आणि बाहेर चालू लागली. मग तोही मागोमाग गेला.

तो कोरड्या वाळूत बसायचा, ती छातीभर पाण्यात. ज्या वाऱ्यात बाकीचे पतंगाची पिशवीही उघडत नसत, त्याच वाऱ्यात हे चालायचं. पतंग मुद्दाम पाडायचा आणि उचलायचा. लोक हसायचे. बायका म्हणायच्या, जोविताला उन्हाची बाधा झाली. ती सबंध मोसमभर पाडतच राहिली.

"ओढू नको," जेनिवाल वाळूतून ओरडायचा. "ओढलंस की तो बसला. दांडी सोड. आधी मागे पोहत जा, पाठीवर. दोऱ्या ताठ होऊ देत. ढिल्या दोरीला काय कळतं?"

ती पाय मारत मागे सरकायची. प्रवाह तिला पतंगाकडे ढकलायचा, दोऱ्या पुन्हा ढिल्या पडायच्या.

"आता एकच दोरी. बाहेरची. हातभर घे आणि धरून ठेव. धर फक्त. त्याला उलटू दे. बघ, एका कानावर, एका टोकावर उभा राहतोय. आता काही करू नको."

"किती वेळ काही करू नको?"

"त्याच्यातलं पाणी निथळेपर्यंत. वाऱ्याची झुळूक येईपर्यंत. तुला येते ती घाई गिळून टाक."

घाई गिळणं जोविताला इतर कुणापेक्षा सोपं गेलं. तिने आयुष्यभर तेवढंच केलं होतं. लेस विणताना कुठला धागा ताणायचा आणि कुठला सैल सोडायचा हे तिच्या बोटांना न बघता कळायचं, तसंच पुढे पतंगाच्या दोऱ्यांचं कळू लागलं. भिजलेलं जड कापड एका टोकावर थरथरत उभं राहायचं, पाण्याच्या कडेकडेने सरकायचं, आणि झुळूक आली की आळस देत उठायचं. त्या क्षणी दोरी किंचित सोडायची. उशिरा सोडली तर पतंग पलटी खाऊन परत पाण्यात. तिची चूक झाली की जेनिवाल वाळूत मूठ आपटायचा. त्याच्या डोळ्यांत तेव्हा जुनी चमक यायची, आणि पाणी पायाजवळ आलं की विझायची.

वर्षं गेली. हलक्या वाऱ्यात पतंग उचलावा तर जोविताने, असं शेजारच्या गावांतही बोललं जाऊ लागलं. बायका आपल्या मुलींना तिच्याकडे पाठवू लागल्या. टपरी बरीचशी आई सांभाळू लागली. रोनिल्दोचंही बरं चाललं होतं. त्याचं पोट सुटलं, शिकवणीला पक्कं छप्पर आलं, गावच्या सभेत तो पुढच्या बाकावर बसू लागला. रस्त्यात भेटला की म्हणायचा, "काय जोविता, आमचा धंदा बसवणार वाटतं तू." ती म्हणायची, "तुझं तू बघ, रोनिल्दो." गोड बोलायची. तो मनात म्हणत असेल, हिला काही माहीत नाही. किंवा म्हणत असेल, विसरली.

वारा हलका असला आणि रोनिल्दो पाण्यात उतरला की जोविताही उतरायची. हातातलं काम टाकून. त्याच्या मागे, दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. काय करणार हे तिलाही नक्की माहीत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की एकदा तो खाली पाण्यात असावा आणि त्याने मान वर करून तिच्याकडे पाहावं.

आणि तसंच झालं. त्या दिवशी साव पावलोचे पाहुणे आले होते आणि रोनिल्दोला त्यांच्यासमोर नवा मोठा पतंग मिरवायचा होता. पूर्वेला ढग होता. जेनिवाल टपरीच्या सावलीत नारळ सोलत होता. तो म्हणाला, "आज जाऊ नको, जोवी. वारा मरणार."

"म्हणूनच जाते," ती म्हणाली.

नदीच्या मुखापलीकडे, ओहोटीच्या पाण्यात, वारा मेला. रोनिल्दोचा पतंग एकदा डगमगला आणि नाकावर आपटला. जोविता जवळ होती. पण तिचाही पतंग खाली आला. तिने पतंग आठच्या आकड्यासारखा कितीही फिरवला तरी हवेत त्याला धरायला काही उरलंच नव्हतं. दोघे पाण्यात, हाकेच्या अंतरावर.

रोनिल्दोला तिला पाहून हायसं वाटलं. "बरं झालं तू आहेस," तो ओरडला. "दोघं एकत्र राहू. शिकवणीतून कुणीतरी होडी घेऊन येईलच."

"होडी आज रंगवायला काढलीय," जोविता म्हणाली. "तूच काढलीस."

तो दांडी ओढू लागला, दोन्ही हातांनी. पतंग पाण्यात आणखी रुतला. पोट सुटलेला माणूस, त्याला पाठीवर पोहत मागे सरकणं जमेना. प्रवाह त्याला त्याच्याच दोऱ्यांत ढकलत होता. किनाऱ्यावरची माडांची रांग बारीक होत चालली होती.

जोविता तिकडे बघत नव्हती. तिने पाठ पाण्यावर टाकली आणि पतंगापासून दूर पाय मारायला सुरुवात केली. दोऱ्या ताठ झाल्या. तिने बाहेरची दोरी घेतली, मनगटाला न गुंडाळता बोटांत धरली. पतंगाची नळी हळूच वळली, एक कान वर आला, पडला. पुन्हा मागे पोहली. पुन्हा कान वर आला. कापडाच्या पोटातून पाणी ओघळू लागलं. ती थांबली. रोनिल्दो काहीतरी बोलत होता, आधी गमतीने, मग घाईने. पाण्यावर सुरकुती उमटली, पूर्वेकडून, तळहाताएवढी झुळूक. पतंग टोकावर थरथरला, पाण्याच्या कडेने वाकडा चालत गेला आणि उठला. तिने दोरी सोडली. तो तिच्या डोक्यावर येऊन उभा राहिला, गळत, पिवळा.

तिने फळी पायात घेतली आणि रोनिल्दोच्या बाजूने वळली.

"माझं टोक उचल," तो म्हणाला. "जोविता, नुसतं टोक धर. मी बाकीचं करतो."

ती त्याच्या इतक्या जवळून गेली की त्याला तिच्या गालावरचा डाग दिसला असेल. "घाई करू नको," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी ओढतोस. कला आहे ती. सगळ्यांना नाही जमत."

तेव्हा त्याला कळलं. त्याचा चेहरा आधी रिकामा झाला आणि मग त्याच्यावर ती भीती आली जिची जोविता इतकी वर्षं वाट पाहत होती. तो मान वर करून तिच्याकडे बघत होता. तिने डोळे भरून पाहून घेतलं आणि किनाऱ्याकडे पतंग वळवला. पाठीमागून तो तिचं नाव घेऊन ओरडत राहिला. नंतर जेनिवालचंही नाव घेऊन ओरडला.

किनाऱ्यावर पाहुणे हात डोळ्यांवर धरून उभे होते. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "रोनिल्दो कुठे आहेत?"

"तळ्यावर उतरला," जोविता म्हणाली. "पिऊन येईल सावकाश."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. जेनिवालच्या हातातला कोयता मात्र नारळातच राहिला. तो उठून तिच्यासमोर आला. "कुठे सोडलंस त्याला?"

"ऐकलंस ना. तळ्यावर."

"जोवी, कुठे?"

"तू बस खाली. तुझ्यासाठी केलंय."

"मी सांगितलं होतं कर म्हणून?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. नंतर तो तिच्याशी बोललाच नाही. कोळी अब्दियासमामा आपल्या जांगाद्याचं शीड झटकत होते, त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "मामा, मुखापलीकडे एक माणूस पाण्यात आहे."

"तुला वल्हं मारावं लागेल," मामा म्हणाले. "वारा नाही." त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि जास्त काही विचारलं नाही.

तराफा ओंडक्यांवरून लोटत दोघांनी पाण्यात नेला. जोविता बघत होती. घोटे. गुडघे. गुडघ्यांशी तो थांबला, तराफ्याची कड घट्ट धरून, आणि तिला वाटलं आता हा परत फिरेल. फिरावं असं तिला मनापासून वाटलं. जेनिवालने डोळे मिटले, मांडीभर, कमरेभर गेला, आणि अंग वर टाकलं. जोविताने ओल्या वाळूला लाथ मारली. इतक्या वर्षांनी भाऊ समुद्रात गेला आणि गेला तो कुणासाठी, तर रोनिल्दोसाठी.

दिवस मावळताना ते परत आले. तोवर बातमी पसरली होती, अर्धं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. रोनिल्दो मामांच्या कांबळ्यात गुंडाळून बसला होता, दात वाजत होते. वाळूत पाय टेकताच त्याला शब्द फुटले. जोविताकडे बोट करून तो म्हणाला, "हिने मला पाहिलं. माझ्याजवळून गेली. मी मदत मागत होतो आणि ही मला मरायला सोडून आली. आणि इथे सांगितलं, तळ्यावर आहे म्हणून."

सगळे जोविताकडे वळले. कुणीतरी म्हणालं, "खरं आहे का हे?"

"खरं आहे," जोविता म्हणाली. "शब्दन् शब्द."

"पण का गं?" अब्दियासमामांनी विचारलं. "असं कुणी कुणाला करतं?"

"त्यालाच विचारा, असं कोण करतं. तळ्याचं त्याला मी नाही शिकवलं, त्याने मला शिकवलं."

जेनिवाल हरवला होता त्या संध्याकाळी तळ्याभोवती मशाली घेऊन फिरलेले लोकच तिथे उभे होते. एकेकाला आठवू लागलं की तळ्याचं आपल्याला कुणी सांगितलं होतं. एक म्हातारी हळूच म्हणाली, "अरे देवा." जेनिवाल तराफ्याची दोरी खुंट्याला बांधत होता. सगळे आता त्याच्याकडे पाहू लागले तेव्हा तो वळला.

"हो," तो म्हणाला. "त्याने मला पाहिलं होतं."

कुणी रोनिल्दोला हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त त्याच्या भोवतीची माणसं एकेक करून मागे सरली. पाहुणेसुद्धा, ज्यांना अर्धीच गोष्ट कळली होती. तो कांबळं गुंडाळून एकटाच घराकडे चालत गेला. पुढे काही महिने त्याने शिकवणी रेटली, पण आया आपल्या पोरांना त्याच्याबरोबर पाण्यात सोडेनात. मग त्याने छप्पर उतरवलं आणि आतल्या भागात बायकोच्या गावी गेला. तिथे समुद्र नाही.

जोविताबद्दल मात्र लोक दोन तऱ्हांनी बोलत. काही बायका तिच्या टपरीवर मुद्दाम येऊन बसू लागल्या. काहींनी मुली पाठवणं बंद केलं. पाद्रीबाबांनी प्रवचनात नाव न घेता तिच्यावर एक रविवार खर्च केला. ती पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

जेनिवाल मामांबरोबर रोज समुद्रात जाऊ लागला. पहाटे जायचा, आलेले मासे आईच्या हातात द्यायचा, बहिणीकडे बघायचा नाही. ती त्याच्या ताटात वाढायची, तो जेवायचा. असं बरेच दिवस चाललं. वाऱ्याचा मोसम सुरू झाला होता, किनारा पतंगांनी भरून गेला होता, तेव्हा एका सकाळी तो टपरीत आला आणि तव्याजवळच्या बाकावर बसला.

"अजून रागावलायस?" जोविताने विचारलं.

"नाही." तो तव्याकडे बघत म्हणाला, "त्याला वर ओढला तेव्हा तो माझ्या पायांना धरून रडत होता. मला वाटायचं, असं कधी झालं तर मला बरं वाटेल. काहीच वाटलं नाही गं."

जोविताने धिरडं उलटलं, त्यावर खोबरं पसरलं.

"मला वाटलं," ती म्हणाली. "मला फार बरं वाटलं. आज पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तसंच करीन."

जेनिवालने मान हलवली. तिने धिरडं त्याच्यापुढे ठेवलं. ते गरम होतं, त्याने फुंकर घातली आणि कॉफीही मागितली.